त्वचेच्या कर्करोगात टी-पेशी नेमक्या कुठे अडतात: रक्तवाहिनीच्या भिंतीशी की तिच्या बाहेर?

मिरजेची स्लाइड (धागा सुरू करताना)

तळपायाच्या मेलानोमाची (त्वचेतील रंगपेशींच्या कर्करोगाची) एक स्लाइड नुकतीच माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली आली. गाठीच्या तळाशी लिम्फोसाइटची (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या रक्तपेशींची) सलग जांभळी किनार होती, आत मात्र मोजून चार-दोन पेशी सापडल्या. आमच्या रूढ पद्धतीत पेशी गाठभर पसरलेल्या असोत किंवा केवळ तळाच्या कडेने सलग शिरलेल्या असोत, शेरा एकच लिहायचा असतो: 'ब्रिस्क', म्हणजे जोरदार. तो लिहिताना हात अडखळला, कारण उंबऱ्यावर ताटकळणाऱ्या पाहुण्याला आपण 'घरात आला' असे म्हणत नाही.

रक्तातून आलेली टी-पेशी गाठीत आपोआप झिरपत नाही. वाहिनीच्या अस्तरावरील सिलेक्टिन रेणू तिचा वेग कमी करतात, केमोकाइन हे रासायनिक संदेश तिला इशारा देतात आणि मग आयकॅम-१ व व्हीकॅम-१ या रेणूंना घट्ट धरून ती अस्तरातील फटीतून बाहेर पडते. गाठीतून सुटणारे व्हीईजीएफ हे प्रथिन नेमके हे धरायचे रेणूच कमी करते. शिवाय नव्या वाहिन्या गळक्या असल्यामुळे भोवतालच्या ऊतीतील दाब वाढतो. ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये गाठीचा रक्तपुरवठा तोडण्याची कल्पना मांडली, तर राकेश जैन यांनी २००१ मध्ये वाहिन्या तोडण्यापेक्षा सुधारण्याचा विचार पुढे आणला. माझे मत असे की, मेलानोमात इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारे उपचार) देण्यापूर्वी वाहिन्यांची अवस्था तपासावी आणि ती बिघडलेली असेल तर आधी त्यावर औषध द्यावे.

विश्रामबाग, सांगली

आपल्या मताशी मी सहमत नाही आणि माझा पहिला आक्षेप आपल्याच स्लाइडवर आहे. गाठीच्या तळाशी दिसलेल्या त्या पेशी वाहिनीतून बाहेर पडलेल्याच आहेत. त्यांची वाट अडवली असेल तर ती कोलॅजन या तंतूंच्या जाळ्याने आणि टीजीएफ-बीटासारख्या संदेशवाहक प्रथिनांनी, वाहिनीच्या अस्तराने नव्हे. ज्या पुराव्यावर धागा उभा आहे, तो विरुद्ध बाजूचा साक्षीदार निघतो.

दुसरे असे की, अनेक मेलानोमांत टी-पेशी आत भरपूर असतात, पण थकलेल्या असतात. पीडी-१ हा टी-पेशीवरील लगाम रोखणारी औषधे त्यांनाच पुन्हा कामाला लावतात. २०१८ चे नोबेल ॲलिसन आणि होंजो यांना मिळाले ते असे लगाम सोडवून कर्करोगावर उपचार करण्याच्या शोधाबद्दल. वाहिन्यांवरील औषध जोडून पाहण्याचा प्रयोगही झाला आहे: प्रगत मेलानोमात पेम्ब्रोलिझुमॅब या पीडी-१ रोखणाऱ्या औषधाला लेन्वाटिनिब या वाहिन्यांवरील औषधाची जोड देणारी मोठी चाचणी २०२३ मध्ये थांबवण्यात आली, कारण रुग्णांचे आयुर्मान वाढले नाही. रक्तदाब वाढणे, जखम उशिरा भरणे हे त्रास मात्र या औषधवर्गासोबत येतातच. जतहून दोन एसट्या बदलून येणाऱ्या रुग्णाला दुसरे महागडे औषध लिहून देताना माझ्याकडे 'कल्पना सुंदर आहे' यापेक्षा ठोस कारण असावे लागते.

तासगावचा बागायतदार

मी डॉक्टर नाही, जैवतंत्रज्ञान शिकून द्राक्षबागेत रमलेला माणूस आहे. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीत कात्री चुकली तर दोष छाटणीच्या शास्त्राचा नसतो, हातातल्या कात्रीचा असतो. वाहिन्या सुधारण्याचा परिणाम ठरावीक काळच टिकतो आणि मात्रेवर अवलंबून असतो, असे मी वाचले आहे. मात्रा जास्त झाली की उपयोगी वाहिन्याही जातात आणि गाठीत प्राणवायू आणखी कमी पडतो. एका चाचणीवरून कल्पनाच मोडीत काढू नये. यकृताच्या कर्करोगात ॲटेझोलिझुमॅब (इम्युनोथेरपीचे औषध) आणि बेव्हासिझुमॅब (व्हीईजीएफ रोखणारे औषध) ही जोडी २०२० पासून मान्यताप्राप्त आहे, हेही लक्षात घ्यावे.

विश्रामबाग, सांगली

यकृताचे यश त्वचेच्या खात्यावर जमा करता येत नाही. शिवाय द्राक्षाचा वेल डोळ्यांपुढे असतो, काडीवर किती डोळे ठेवायचे ते मोजता येते. इथे ती योग्य वेळ कधी आली आणि कधी गेली हे रुग्णाच्या बाबतीत ओळखायचे कसे, हे आपण सांगितलेले नाही.

कराडहून, त्वचारोग

चर्चा केवळ मेलानोमाभोवती फिरते आहे, म्हणून लिहितो. आपल्याकडे मी स्क्वेमस पेशींचा (त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा) कर्करोग अधिक पाहतो. जुनी भाजलेली जागा, न भरणारी जखम अशा ठिकाणी तो होतो. (कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या काचामुळे होणाऱ्या कर्करोगाची नोंद खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच केली होती.) या कर्करोगात वाहिनीचे दार खरोखरच बंद असल्याचा थेट पुरावा आहे. बोस्टनमधील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की, अशा गाठींच्या वाहिन्यांवर ई-सिलेक्टिन जवळजवळ नसते. त्वचेकडे येणाऱ्या टी-पेशींना थांबण्यासाठी तोच रेणू लागतो. शस्त्रक्रियेपूर्वी इमिक्विमॉडचे (त्वचेतील प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधाचे) मलम लावलेल्या गाठींत मात्र ई-सिलेक्टिन पुन्हा दिसले आणि मारक टी-पेशीही आत आल्या. म्हणजे दार उघडण्यासाठी दर वेळी वाहिन्या छाटाव्याच लागतात असे नाही. अस्तराला जागे करणेही पुरेसे ठरू शकते.

मिरजेची स्लाइड

विश्रामबागच्या डॉक्टरांचा पहिला आक्षेप मला झोंबला आणि तो निम्मा मान्य आहे. कडेच्या पेशी बाहेर पडलेल्या आहेत हे खरे, पण त्या बहुधा शेजारच्या निरोगी त्वचेतील वाहिन्यांमधून आल्या असाव्यात. गाठीच्या पोटातील वाहिन्यांमधून कोणी उतरते का, हा माझा प्रश्न शिल्लक राहतो. काल तीच स्लाइड पुन्हा लावली. एका कोपऱ्यात फुगीर, घनाकार अस्तराची एक छोटी वाहिनी होती, लसिकाग्रंथीत असते तशी, आणि तिच्या भिंतीतच तीन लिम्फोसाइट अडकलेले दिसले. मेलानोमात अशा वाहिन्या असणे आणि इम्युनोथेरपीला चांगला प्रतिसाद मिळणे यांचा संबंध २०२२ मध्ये दाखवला गेला आहे. इतर वाहिन्यांचे अस्तर सपाट होते आणि त्यांच्याभोवती शुकशुकाट होता. 'आधी औषध द्यावे' हे विधान मी मागे घेतो, 'आधी तपासावे' हे मात्र घेत नाही. त्या ब्लॉकला (गाठीच्या मेणात जपलेल्या तुकड्याला) वाहिन्यांचे अस्तर दाखवणाऱ्या सीडी-३१ आणि मारक टी-पेशी दाखवणाऱ्या सीडी-८ चे रंग लावायला दिले आहेत.

विश्रामबाग, सांगली

कडेचा भाग आणि आतला भाग वेगवेगळा मोजा, आणि कोलॅजनसाठी ट्रायक्रोम हा रंगही लावा. नाहीतर माझी बाजू न तपासताच निकाल लागेल.