मदत हवी आहे: लेअर (अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या) शेडमधल्या माश्या

नमस्कार मंडळी, पावसाळा लागला की पिंजऱ्यांखालची विष्ठा ओलीच राहते आणि माश्या थेट वस्तीपर्यंत जातात. शेजाऱ्यांची तक्रार रास्तच आहे. सायपरमेथ्रीन या कीटकनाशकाची फवारणी आता लागू पडत नाही. उष्ण हवेत अंड्यापासून माशी व्हायला ७ ते १० दिवस पुरतात, म्हणजे गाठायचं ते विष्ठेतल्या अळीलाच. कोंबड्यांच्या खाद्यातून सायरोमॅझिन हे अळीनाशक (१ टक्क्याचं, टनाला ५०० ग्रॅम) कुणी दिलंय का? किती आठवडे देऊन थांबवता? सतत दिलं तर अळ्या त्यालाही दाद देईनाशा होतील, ही मोठी धास्ती आहे. पाणी पिण्याच्या निपलची गळती बंद केली, तरी विष्ठा सुकत नाही. खाली चुना टाकावा की भुसा? कोंबड्या अंड्यावर आहेत, तेव्हा अंड्यात औषधाचा अंश उतरणार नाही असाच उपाय सांगा.