मदत हवी आहे: बडोद्याच्या शिलेदार घराण्याचे मूळ गाव आणि खापरपणजीचे नाव कसे शोधावे?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची. माहेरचे घराणे गायकवाडांच्या पदरी शिलेदार होते, हे घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. देशावरून नेमके कुठल्या गावाहून आलो हे सांगणारे मात्र आता कोणी उरले नाही. "आपण सातारा बाजूचे," एवढेच वडील सांगत. कुलदैवत जोतिबा. पण जोतिबाला मानणारी घराणी गावोगाव आहेत, त्यावरून एक गाव ठरत नाही. दांडिया बाजारातले जुने घर विकताना कागदपत्रे माझ्याकडे आली आणि तेव्हापासून हा शोध मनावर घेतला आहे.

पहिला प्रश्न मूळ गावाचा. दुसरा त्याहून माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आजोबांनी बाळबोध अक्षरात लिहिलेली वंशावळ घरात आहे. सहा पिढ्यांचे पुरुष त्यात आहेत, बाई एकही नाही. माझे खापरपणजोबा ऐन तिशीत वारले. मागे बायको आणि लहान मुलगा, म्हणजे माझे पणजोबा. सरकारातून मिळणाऱ्या नेमणुकीवर, म्हणजे ठरलेल्या तनख्यावर, त्या बाईने मुलगा वाढवला, शिकवला, घर राखले. छप्पनियाच्या दुष्काळात, म्हणजे संवत १९५६ मध्ये, तिने हातातल्या पाटल्या मोडून घर चालवले आणि पोळेतल्या, म्हणजे आमच्या गल्लीतल्या, दोन घरांनाही धान्य दिले, असे आत्या सांगायची. आमचे घराणे बडोद्यात टिकले ते तिच्यामुळे. तिला सगळे "थोरल्या आई" म्हणत. खरे नाव कोणालाच माहीत नाही. वंशावळीत तिच्या नवऱ्याचे नाव आहे, मुलाचे आहे, मधली जागा कोरी आहे. ती मला भरायची आहे.

हाताशी काय आहे ते सांगते. एक मोडी कागद आहे, त्याला कसर लागली आहे. ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यातले "मौजे वडगाव" आणि शेवटचे "सबा समानीन मया व अलफ" एवढे वाचून दिले. गावापुढचा प्रांत की परगणा, तो नेमका खाल्ला गेला आहे. घराचे सिटी सर्व्हेचे कार्ड आहे, विभाग आणि टिका नंबरासह, पण त्यावर पहिले नाव पणजोबांचे. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे, त्यात जन्मस्थळ बडोदेच.

कोठीतल्या अभिलेखागारात विचारून आले. तिथली दप्तरे खात्यांप्रमाणे लावलेली आहेत, आडनावांप्रमाणे नाहीत. "कोणते खाते, कोणते साल?" असे विचारल्यावर मला सांगता आले नाही. तेव्हा जाणकारांना विनंती, की शिलेदाराच्या विधवेची नेमणूक कुठल्या प्रकारच्या कागदात सापडेल? तो मोडी कागद साधारण कधीचा असावा? आणि एवढ्या धाग्यांवर वडगाव कोणते ते ठरवता येईल का?

आडनाव इथे जाहीर देत नाही. कोणी मदत करणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करीन.

प्रतिसाद: मोडी वाचक, पुणे

ताई, कागदाचे साल सोपे आहे. हा सुहूर सन आहे. सबा म्हणजे सात, समानीन ऐंशी, मया शंभर आणि अलफ हजार. म्हणजे ११८७. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, कारण हे साल मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलते. तुमचा कागद 1786-87 चा, फत्तेसिंगराव गायकवाडांच्या काळातला. म्हणजे निदान तोपर्यंत घराण्याचा वडगावाशी संबंध होता, आणि हे फार मोलाचे आहे. सालाच्या आधी "छ" असे अक्षर आणि त्यापुढे आकडा, महिना दिसतो का पाहा. तो चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. ती मिळाली तर दिवससुद्धा काढता येईल.

आता वडगाव. सातारा जिल्ह्यातच पाहायचे तर कऱ्हाड तालुक्यात वडगाव हवेली आहे आणि खटाव तालुक्यात जयराम स्वामींचे वडगाव. शिवाय या नावाची गावे महाराष्ट्रभर आहेत. म्हणून नुसत्या गावाच्या नावावर पुण्याच्या पेशवे दप्तरात जाऊ नका. तिथे कोट्यवधी कागद आहेत. प्रांत किंवा परगणा हाती असेल तरच रुमाल, म्हणजे कागदांचे गाठोडे, मागता येतो. आधी कागद पूर्ण वाचून घ्या. गृहस्थांनी दोनच जागा वाचल्या, म्हणजे मधला मजकूर अजून शिल्लक आहे. त्यात पाटील, कुलकर्णी, शेजारचे गाव, ओढा, देऊळ असे काहीही असू शकते, आणि वडगाव ठरवायला शेजारचे एक नाव पुरते.

फोटो काढताना फ्लॅश नको. खिडकीपाशी, उन्हाची तिरीप थेट कागदावर पडणार नाही असे ठेवून काढा. दोन्ही बाजू काढा, मागे शिक्का किंवा शेरा असतो. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. लोक मायेने करतात आणि कागद कायमचा जातो.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात, शब्दही तोडून लिहीत नाहीत. त्यामुळे नावे दोनदा तपासायला हवीत. "बिन" किंवा "वलद" दिसले तर पुढचे नाव बापाचे. "कोम" दिसले तर आधीचे नाव बाईचे आणि पुढचे नवऱ्याचे. तुमच्या खापरपणजीला शोधताना कागदात हाच "कोम" आधी शोधा, डोळ्याला सवय झाली की तो लांबून ओळखू येतो. फोटो मला पाठवा, मी वाचतो.

प्रतिसाद: रावपुरावाला

ताई, मी पण बडोद्याचाच. कोठीत मलाही हाच अनुभव आला. तिथे आडनाव घेऊन जाऊन उपयोग नाही, घटना घेऊन जावे लागते. तुमच्याकडे घटना आहे आणि ती चांगली आहे. नेमणूक घेणारा शिलेदार वारला, वारस अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, मागे विधवा. अशा वेळी नेमणूक पुढे चालवायची की नाही याची चौकशी होते, वारसाचे जबाब होतात, कारकुनाचा शेरा पडतो. बाईचे नाव लिहिल्याशिवाय हे कागद पुढे सरकूच शकत नाहीत. तेव्हा खापरपणजोबांच्या मृत्यूचे साल अंदाजाने ठरवा. पणजोबांचा जन्म कधीचा?

एक लक्षात ठेवा. सयाजीराव महाराज 1875 साली दत्तक येऊन गादीवर बसले, त्यानंतर कारभाराची सगळी घडी बदलली. हुजूर पोलिटिकल ऑफिसच्या फायली त्या काळापासून इंग्रजीत भरपूर मिळतात आणि त्या सेक्शन, दप्तर, फाईल अशा क्रमाने मागायच्या असतात. सरकारी वर्ष 31 जुलैला संपायचे. 1878 च्या पावसाळ्यात माणूस गेला असेल तर जुलैत गेला की ऑगस्टमध्ये, यावर हिशेबाचे वर्ष बदलते. मी हे पाहिले नव्हते, चुकीच्या वर्षाच्या यादीत बरेच दिवस गेले.

शिलेदारांचे कागद लष्कराकडे, पण ज्यांची नेमणूक राजवाड्याच्या खर्चातून होती त्यांचे खानगी खात्याकडे. दोन्हीकडे विचारा. जमीन इनाम असेल तर ती "बारखली" या नावाखाली पाहा, इनाम म्हणून विचारलेत तर इथल्या माणसाला चटकन कळणार नाही.

आणि आजोबांच्या दाखल्यावर थांबू नका, पणजोबांच्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहा. मुलगा पितृहीन असेल तर पालक म्हणून कोणाचे तरी नाव लागतेच. चुलता असेल तर त्याचे, नाहीतर आईचे.

प्रतिसाद: साताऱ्याहून

मोडी वाचक काकांशी सहमत. वडगाव नक्की झाले की इकडचे मी पाहतो. तलाठ्याकडचे जुने फेरफार, हक्क नोंदीचे पत्रक ड, गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, हे सगळे 2023 पासून कुणबी नोंदी शोधताना बाहेर काढले गेले. बऱ्याच जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदी संकेतस्थळावर टाकल्या आहेत. तुमचे घराणे या नोंदींच्या आधीच गुजरातेत गेलेले, पण भाऊबंद मागे राहिले असतील तर त्यांचे आडनाव आणि गाव एकत्र सापडेल. या भागात हेळवी येतात तेही विचारतो. त्यांच्याकडे घराण्यांच्या पिढ्या असतात.

प्रतिसाद: नर्मदाकाठ

बाळ, मी वयाने मोठी आहे म्हणून एकेरी लिहिते. सगळ्यांनी सरकारी कागद सांगितले, ते बरोबरच आहे. पण आईचे नाव शोधतेस तर सिद्धपूरला विचारलेस का?

सिद्धपूर म्हणजे मातृगया. बापाचे श्राद्ध गयेला, आईचे बिंदुसरोवरावर. कपिलमुनींनी आपल्या आईचे, देवहूतीचे कार्य तिथे केले अशी श्रद्धा आहे. ते गाव बडोदे संस्थानातच होते, कडी प्रांतात, म्हणून बडोद्याची मराठी माणसे आईच्या कार्याला तिथे जात. तुझ्या पणजोबांना त्या माउलीने एकटीने वाढवले. ते तिच्यामागे सिद्धपूरला गेले नसतील असे मला वाटत नाही.

श्राद्धाच्या संकल्पात माता, पितामही, प्रपितामही अशी तीन पिढ्यांतल्या बायकांची नावे घ्यावी लागतात. वंशावळ बायकांना विसरते, पण श्राद्धाला बसलेल्या मुलाला विसरता येत नाही. तीर्थोपाध्यायांच्या वहीत कार्य करणाऱ्याचे नाव, गाव आणि बरोबर आलेली माणसे लिहिलेली असतात, कधी यजमानाच्या हातचे अक्षरही असते. विचारताना घराण्याचे आडनाव, गोत्र, मुक्काम बडोदे आणि साधारण साल सांग. ती 1900 नंतर वारली हे दुष्काळाच्या गोष्टीवरून तुला कळतेच आहे. संकल्पातले नाव उतरवलेले असेल तर बाईच्या नावाला शेवटी "दा" लावलेला दिसेल, यमुनादा, लक्ष्मीदा असा. तो श्राद्धातला प्रघात आहे, नाव यमुना किंवा लक्ष्मीच.

चांदोदलाही विचार. आणि नाशिकला नक्की. नाशिकच्या उपाध्यायांच्या नामावळीत देशावरचे मूळ गाव लिहायची रीत आहे, तुझा वडगावचा प्रश्न कदाचित तिथेच सुटेल.

धागाकर्ती

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. सिद्धपूर इथून एका दिवसात जाऊन येण्यासारखे, आणि आमच्या घरात कोणाच्याच मनात हे आले नव्हते. आजींचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. तिला आठवले, की सासरे, म्हणजे माझे आजोबा, "आमच्या वडिलांनी थोरल्या आईचे सिद्धपूरला केले" असे म्हणत. इतकी वर्षे हे वाक्य तिच्याजवळ होते. कोणी विचारलेच नव्हते.

काका, फोटो व्यनितून पाठवले आहेत. मागच्या बाजूला खरेच एक शेरा आहे, वेगळ्या हातचा.

दादा, पणजोबांचा जन्म घरच्या टिपणाप्रमाणे शके १७९३, म्हणजे 1871-72. वडील गेले तेव्हा ते सात-आठ वर्षांचे होते असे सांगतात. तुमच्या हिशेबाने 1878 ते 1880 मधली दप्तरे मागावीत ना? ऑगस्ट-जुलैचा फरक धरून एक वर्ष अलीकडचे आणि एक पलीकडचेही घेईन. शाळा कोणती ते शोधते आहे.

प्रतिसाद: मोडी वाचक, पुणे

फोटो मिळाले. घाईने वाचून चुकीचे सांगणार नाही, पण एक गोष्ट आत्ताच सांगतो. वडगावानंतर जिथे कसर आहे तिथे अक्षराची सुरुवात शाबूत आहे आणि ती "क"ची वाटते. प्रांत कऱ्हाड असू शकेल, पण "कसबे" किंवा "कर्यात" (काही गावांचा गट) हेही शब्द क नेच सुरू होतात. मागचा शेरा पोच मिळाल्याचा आहे. साताऱ्याच्या मित्रांनी अजून वडगाव हवेलीला जाऊ नये, दोन-चार दिवस द्या.

धागाकर्ती

थांबते, काका. तुम्ही सावकाश वाचा.

तोवर एक विचारायचे आहे. मराठा समाजाच्या बडोदेकर कुटुंबांचे सिद्धपूरला ठरलेले उपाध्याय कोण, हे इथल्या कोणाच्या घरात माहीत आहे का? आडनावांप्रमाणे उपाध्याय वाटलेले असतात असे ऐकते. तुमच्यापैकी कोणी आईचे कार्य तिथे केले असेल आणि गुरुजींनी जुनी वही काढून दाखवली असेल, तर त्यांचे नाव इथे न लिहिता मला व्यनि करावा. दिवाळीनंतर, कार्तिकात जायचे ठरवत आहे. आईही येणार म्हणते.