क्वाडच्या पोटाखाली कोणती प्लेट? खाली ऊस, वर जांभा. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पन्हाळ्याच्या पश्चिमेला आमचं रान आहे. ओढ्याकाठी काळ्या मातीत ऊस आणि वर डोंगराच्या अंगाला जांभ्याचा माळ, त्यावर आंबा-काजू. वर-खाली करायला जुन्यात एक क्वाड बाईक घेतली आहे. ४०० सीसीच्या आसपासची, ऑटोमॅटिक, चारही चाकांना ड्राइव्ह, पुढे-मागे स्वतंत्र सस्पेन्शन. खताची पोती, फवारणीची टाकी, मोटारीचं सामान असं सगळं तिच्यावरून जातं. रविवारी मित्र आले की थोडा नादही होतो, खोटं कशाला बोलू.

कंपनीची मूळ प्लेट काळ्या पातळ प्लॅस्टिकची होती. तिच्या कडा फाटल्यात, मधल्या क्लिपा गळून पडल्यात. फ्रेमच्या खालच्या नळ्यांवर चरे उठलेत, ऑइलच्या ड्रेन बोल्टचं डोकं घासलंय. शिवाय पुढच्या उजव्या ॲक्सलचा रबरी बूट चिरून ग्रीस बाहेर आलंय. बूट बदलायला टाकलाय, पण गाडी खालून नीट झाकल्याशिवाय पुन्हा रानात घालायची नाही असं ठरवलंय.

आता गोंधळ असा की, बाहेरच्या देशातून तयार ॲल्युमिनिअमचा सेट मागवता येतो, पण भाडं आणि कस्टम धरलं तर आकडा ऐकून घरचे मलाच पोटाखाली लावतील. दाजी म्हणतात, कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाऊन ३ मिमीचा लोखंडी पत्रा वाकवून घे, विषय संपला. एक मित्र म्हणतो, लोखंड-ॲल्युमिनिअम सोड, यूएचएमडब्ल्यू (पॉलिथिनचाच एक अतिशय चिवट, गुळगुळीत प्रकार) प्लॅस्टिकची जाड शीट लाव, दगडावरून सरकत जाते. माप घेतलंय, साधारण १३०० मिमी लांब आणि ४०० मिमी रुंद जागा झाकायची आहे.

ज्यांनी स्वतः करून घेतलंय त्यांनी सांगा. माल कोणता, जाडी किती, आणि सगळं पोट एका प्लेटीत झाकावं की तुकड्यांत?

उद्यमनगरी

दाजींचं चुकीचं नाही, पण वजन बघा. तुमच्या मापाला ३ मिमी लोखंडी पत्रा साधारण १२ किलो भरेल. ५ मिमी ॲल्युमिनिअम ७ किलो. १२ मिमी यूएचएमडब्ल्यू ६ किलोच्या आत-बाहेर.

आता ताठपणा. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणून निव्वळ 'लोखंड कडक' म्हणून चालत नाही. स्टीलचा स्थितिस्थापकता गुणांक (माल वाकायला किती विरोध करतो त्याचा आकडा) सुमारे २०० गिगापास्कल, ॲल्युमिनिअमचा ७०. ३ मिमी स्टीलसाठी २०० गुणिले २७ म्हणजे ५४००. ५ मिमी ॲल्युमिनिअमसाठी ७० गुणिले १२५ म्हणजे ८७५०. म्हणजे वजन जवळजवळ निम्मं आणि वाकायला जास्त अवघड. स्टीलचा फायदा एकच, पोचा आला तर हातोडीनं सरळ करून वेल्डिंग मारता येतं आणि माल कुठंही मिळतो.

ॲल्युमिनिअम घेताना ग्रेड विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. ५०५२, एच-३२ टेम्पर मागा (पहिला मिश्रधातूचा नंबर, दुसरा कडकपणाचा दर्जा). वाकवायला चांगला आणि चिखल-पाण्यात टिकतो. ६०६१ टी-६ कागदावर जास्त मजबूत आहे, पण छोट्या त्रिज्येत वाकवला तर वाकावर तडा जातो, आणि वेल्डिंग केलं की जोडाच्या आजूबाजूची ताकद उतरते. बसच्या पायरीवर असतो तो उठावाच्या नक्षीचा पत्रा काही जण हौसेनं लावतात. तो बऱ्याचदा मऊ मालाचा असतो, आणि नक्षी खाली आली तर प्रत्येक दगडाला अडकते. शोसाठी ठीक.

घाटवाट

मी यूएचएमडब्ल्यूवाला. आमचं फिरणं गगनबावड्याच्या बाजूला, ओढ्यातले गोटे आणि ओला जांभा. ॲल्युमिनिअम दगडावर बसलं की दगड त्यात रुततो आणि गाडी तिथंच अडते. वर कर्रर्र आवाज, तो वेगळाच. प्लॅस्टिक निसटून पुढं जातं. चरे पडतात, पण फाटत नाही.

पण तुमच्या मित्रानं अर्धंच सांगितलंय. हा माल लवचिक आहे, १२ मिमी जाडीलासुद्धा ॲल्युमिनिअमच्या जवळपासही ताठ नाही. मोठ्या दगडावर गाडीचं सगळं वजन आलं की शीट आत दबते, आणि वर इंजिनाचं केसिंग टेकायला आलेलं असेल तर धक्का सरळ त्याला. म्हणून शीट फ्रेमच्या नळ्यांवर टेकली पाहिजे आणि इंजिनाच्या तळाशी बोटभर मोकळी जागा राहिली पाहिजे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. ८० अंशांच्या वर हा माल नरम पडायला लागतो, १३० च्या पुढं वितळतो. एक्झॉस्टचा पाइप जवळून जात असेल तर तिथं तो लावू नका, किंवा मध्ये पत्र्याची आड द्या.

तिसरी, आणि ही जवळजवळ सगळे विसरतात: तो उन्हात वाढतो. १३०० मिमीची शीट ३० अंशांच्या फरकाला ६ ते ८ मिमी लांबते, ॲल्युमिनिअम जेमतेम १ मिमी. गोल भोकं पाडून बोल्ट आवळले तर मे महिन्यात शीट मध्ये फुगून लोंबते. भोकं लांबट ठेवायची, मोठा वॉशर घालायचा आणि बोल्ट जीव खाऊन पिळायचा नाही.

खोडवा

भावा, सगळे दगडाचंच बोलाय लागलेत. तुझ्या पोस्टमध्ये फाटलाय काय, तर ॲक्सलचा बूट. तो दगडानं नाही, उसाच्या बुडख्यानं फाडलाय, पैज लाव. तोड झाल्यावर रानात जी तिरकी खुंटं राहतात ती भाल्यासारखी वर येतात आणि पुढच्या ए-आर्मच्या (चाक फ्रेमला जोडणारा तो त्रिकोणी दांडा) मधनं आत घुसतात. पोटाखाली सोन्याची प्लेट लावलीस तरी बूट उघडाच की! तुला आधी चारी ए-आर्मचे गार्ड पायजेत. ३ ते ४ मिमीचे पुरे. पुढची कड गोल वर घेतलेली, बुटाच्या खालपर्यंत आलेली. हँडल पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबून बघायचं, चाकाला किंवा फ्रेमला कुठं घासत नाही ना. मग पक्कं करायचं.

आणि आता खरं सांगतो. उसाच्या रानात सगळं पोट बंद करणारी प्लेट म्हणजे पाचटाची टोपली. पाचट वरनं आत जातं, बाहेर यायला वाट नाही. वाळलेलं पाचट आणि तापलेला एक्झॉस्ट. पुढचं मी सांगायला नको. आमच्या शेजारच्या रानात एका गाडीच्या पोटाखालनं धूर निघाला होता, नशीब जवळ पाण्याची टाकी होती.

धागाकर्ता

हे डोक्यातच आलं नव्हतं. बूट चिरला त्या आठवड्यात तोड चालूच होती आणि मी फडातनं ये-जा करत होतो, म्हणजे खोडवा म्हणतात तेच खरं असणार. पण वर जांभ्यावर तर पोट टेकतंच, आणि टेम्पोत चढवतानाही. क्वाड रस्त्यावर पळवता येत नाही, म्हणून छोट्या हत्तीतून न्यावी लागते आणि फळीच्या वरच्या काठाला दर वेळी मधला भाग घासतो. मग बंद प्लेट नको आणि उघडंही नको, हे जमवायचं कसं?

उद्यमनगरी

तुकड्यांत करा. एकसंध प्लेट दिसायला भारी, पण ऑइल बदलताना पूर्ण उतरवावी लागते आणि एक कोपरा वाकला की सगळी वाया.

पुढचा तुकडा: ५ मिमी ५०५२, बंपरच्या खालून सुरू. पुढची कड चांगली वर वळवायची, नाहीतर ती फावड्यासारखं काम करेल. इथं छिद्रं नकोत, पहिला मार इथंच बसतो. फक्त रेडिएटरकडे जाणारी हवा अडत नाही ना, ते बघा.

मधला तुकडा: इंजिन आणि गिअरबॉक्सच्या खाली, तोच पत्रा. ड्रेन बोल्टच्या बरोबर खाली ५० मिमीचं गोल भोक. पाचट आणि चिखल पडून जायला मागच्या अर्ध्या भागात लांबट खिडक्या, गाडीच्या लांबीच्या दिशेनं कापलेल्या. आडव्या कापल्या तर त्यांची कड दगडाला अडकते. एक्झॉस्टच्या खालची जागा पूर्ण मोकळी सोडा.

मागचा तुकडा: मागच्या डिफरन्शिअलखाली, लहानसा.

जोड देताना पुढच्या तुकड्याची मागची कड खाली आणि मागच्या तुकड्याची पुढची कड तिच्या वर. उलटं झालं तर पुढं जाताना प्रत्येक जोडात दगड घुसणार. हे कारागिराला तोंडी सांगू नका. पत्र्यावर खडूनं बाण काढून द्या.

रानमेवा

मध्येच बोलतो. गाडी वर नेताय तर मसाई पठारावर फुलांच्या दिवसांत चाकं घालू नका, ही कळकळीची विनंती. आणि दाजीपूरकडं अभयारण्याच्या हद्दीत तर विचारही नको. बाकी चालू द्या.

धागाकर्ता

रानमेवा, गाडी आमच्या बांधाच्या आतच असते, काळजी नको.

उद्यमनगरी, दोन शंका. एक, घाटवाट यांचं सरकण्याचं म्हणणं पटतंय. ॲल्युमिनिअमवर खालून यूएचएमडब्ल्यूची पट्टी लावली तर? दोन, फ्रेमला भोक न पाडता बसवायचं कसं? मूळ प्लेटीची चार भोकं आहेत, पण ती क्लिपांची आहेत, बारकी.

घाटवाट

पट्टी लावता येते. दगडावर चढणारे बरेच जण तसंच करतात, ताठपणा ॲल्युमिनिअमचा आणि सरकणं प्लॅस्टिकचं. पूर्ण मापाची गरज नाही. मधल्या तुकड्याला ६ ते ८ मिमीच्या दोन उभ्या पट्ट्या, जिथं तुमचं टेम्पोच्या फळीला घासतं बरोबर तिथं. झिजल्या की पट्ट्याच बदलायच्या. कन्व्हेअर आणि माल घसरत नेणाऱ्या शूटच्या लायनरला (आतल्या अस्तराला) हाच माल लागतो, त्यामुळे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लायनरचं काम करणाऱ्याकडे उरलेले तुकडे मिळून जातात. पांढरा दिसला म्हणून घेऊ नका, साधा एचडीपीईही तसाच दिसतो आणि लवकर झिजतो. बिलावर मालाचं नाव लिहून घ्या.

उद्यमनगरी

फ्रेमला भोक अजिबात नको. नळीत पाणी शिरतं आणि आतून गंजत जाते, बाहेरून कळतही नाही. नळीचा व्यास कॅलिपरनं मोजा आणि त्या मापाचे यू-क्लॅम्प किंवा दोन भागांचे क्लॅम्प करून घ्या, आत रबराची पट्टी. रबर दोन कामं करतं: खडखड थांबवतं आणि लोखंड-ॲल्युमिनिअम थेट टेकू देत नाही. आपल्याकडचा पावसाळा आणि त्यात दोन धातू ओल्या चिखलात चिकटून राहिले तर ॲल्युमिनिअम पांढरी भुकटी होऊन खात जातं.

बोल्ट एम-८, खालून सीएसके (निमुळत्या) डोक्याचे, प्लेटीत पूर्ण बसणारे. वर नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट. डोकं मिलिमीटरभर जरी बाहेर राहिलं तरी दगड ते घासून ॲलन किल्लीची खाच घालवतो, मग बोल्ट ग्राइंडरनंच काढायचा. खाचेत थोडं सिलिकॉन भरून ठेवा, चिखल वाळून बसत नाही. पहिल्या फेरीनंतर सगळे पुन्हा एकदा आवळा.

खोडवा

ए-आर्म गार्डला पण क्लॅम्पच, वेल्डिंग नको रे. आर्म वाकला तर तो बदलाय लागतो, त्याच्याबरोबर गार्डही जायचा.

आणि खिडक्या ठेवल्या म्हणून निर्धास्त राहू नको. तोडीच्या दिवसांत संध्याकाळी गाडी लावायच्या आधी एकदा वाकून बघायचं, हातानं पाचट ओढून काढायचं. एक्झॉस्ट गार झाल्यावर, आधी नाही.

धागाकर्ता

मंडळी, लई उपकार. ठरलं ते असं: आधी ए-आर्मचे चार गार्ड, ४ मिमी. पोटाला तीन तुकडे, ५ मिमी ५०५२, मधल्याला खिडक्या आणि यूएचएमडब्ल्यूच्या दोन पट्ट्या. सेट मागवायचा विचार सोडला. दाजींना कसं सांगायचं ते मी बघतो.

या आठवड्यात गाडी उंच उचलून जाड पुठ्ठ्याचे नमुने कापतोय, तेच घेऊन उद्यमनगरात जाईन. एकच राहिलं: वाकाची त्रिज्या किती सांगू?

उद्यमनगरी

५ मिमीला आतली त्रिज्या ८ ते १० मिमी सांगा, तडा जाणार नाही. आणि पुठ्ठ्यावर 'ही बाजू खाली' असं लिहायला विसरू नका. आरशातल्यासारखी उलटी प्लेट वाकवून मिळाली तर ती परत घेत नाही कुणी.