मदत हवी आहे: एक्मोवर असताना हेपरिन थांबवलंय, गुठळ्यांचं काय?

माझा धाकटा भाऊ न्यूमोनियामुळे एक्मोवर (रक्त शरीराबाहेर काढून त्यात ऑक्सिजन मिसळून परत सोडणारं यंत्र) आहे. फक्त फुफ्फुसांसाठीचा, व्हीव्ही प्रकार. काल श्वासनलिकेतून रक्त यायला लागलं म्हणून हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, बंद केलं. आज आत सोडलं तेव्हा सिस्टर टॉर्च मारून ऑक्सिजनेटर (यंत्राचा रक्तात ऑक्सिजन भरणारा भाग) बघत होत्या. एका कोपऱ्यात काळपट ठिपके होते, नळीच्या जोडावर पांढरा दोरा. "लक्ष आहे आमचं," एवढंच म्हणाल्या. डॉक्टर चांगले आहेत, पण राउंडला फार वेळ मिळत नाही. त्या वेळात नेमकं काय विचारू? गुठळी सुटून मेंदूत जाईल का? घरात सगळ्यांची झोप उडाली आहे. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी पर्फ्युजनिस्ट आहे, म्हणजे अशी यंत्रं चालवणारा तंत्रज्ञ. हेपरिन थांबवलं म्हणजे भावाला वाऱ्यावर सोडलं, असं मनात आणू नका. फुफ्फुसात रक्तस्राव असताना मलाही हाच निर्णय बरोबर वाटतो. ऑक्सिजनेटर गुठळ्यांनी भरला तर बदलता येतो. मेंदूत रक्तस्राव झाला तर हाती काही राहत नाही.

रक्तवाहिनीचं अस्तर गोठणं थोपवून धरतं, प्लॅस्टिकला ते जमत नाही. रक्त लागताच काही सेकंदांत त्यावर फायब्रिनोजेनसारख्या प्रथिनांचा थर बसतो, प्लेटलेट चिकटतात, गोठण्याची साखळी सुरू करणारं फॅक्टर १२ हे प्रथिन जागं होतं. ऑक्सिजनेटरमध्ये बारीक पोकळ तंतूंचा गठ्ठा असतो; तंतूंच्या आतून वायू, बाहेरून रक्त. कोपऱ्यांत रक्त मंदावतं, म्हणून ठिपके आधी तिथेच दिसतात. थोडे ठिपके बहुतेक सर्किटमध्ये (नळ्या, पंप, ऑक्सिजनेटर मिळून) येतातच.

आता आधार आहे तो नळ्यांच्या आतल्या, गोठणं कमी करणाऱ्या लेपाचा आणि त्याहून जास्त प्रवाहाचा. मिनिटाला ४ लिटरच्या आसपास रक्त धावत असेल तर काही दिवस हेपरिनशिवाय काढता येतात. २ लिटरच्या खाली गेलं की धोका वाढतो.

व्हीव्हीमध्ये रक्त शिरेतून निघून शिरेतच परत जातं, त्यामुळे सुटलेली गुठळी सहसा फुफ्फुसात अडकते. हृदयाच्या पडद्याला छिद्र असेल तरच ती मेंदूकडे जाऊ शकते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: तो पांढरा दोरा ऑक्सिजनेटरच्या आधी आहे की नंतर? आधीची गुठळी बहुधा ऑक्सिजनेटरच्या जाळीत अडते, नंतरची थेट रुग्णाकडे जाते. मग विचारा, प्रवाह तेवढाच असताना ऑक्सिजनेटरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक कालपेक्षा वाढलाय का, आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या रक्तातला ऑक्सिजन घटलाय का. आकडा एकच असून उपयोग नाही, कल कुठे चाललाय ते बघा. रक्ताच्या तपासणीत डी-डायमर (गुठळी विरघळताना सुटणारा अंश) चढतंय आणि फायब्रिनोजेन उतरतंय असं दिसलं, तर सर्किट बदलायची वेळ जवळ आली असं समजतात.

मूळ प्रश्नकर्ती
खूप आभार, दादा. तुम्ही इतकं समजावून सांगितलंत, जरा धीर आला. त्याच्या प्लेटलेटही उतरतायत. हे हेपरिनमुळे का?

प्रतिसाद २
मी आयसीयूत डॉक्टर आहे. एक्मोवर प्लेटलेट तशाही कमी होतात. आजारपण आणि सर्किट, दोन्हींमुळे. पण हेपरिन सुरू करून ५ ते १० दिवस झाले असतील आणि आकडा निम्म्यावर आला असेल, तर हेपरिनविरुद्धच्या अँटिबॉडीची शंका घ्यावीच लागते. त्यात प्लेटलेट घटतात आणि गुठळ्या मात्र वाढतात. तसं निघालं तर हेपरिन कायमचं बंद, नळ्या धुण्याच्या पाण्यातलंसुद्धा. रक्तस्राव थांबल्यावर मग हेपरिनऐवजी बायव्हॅलिरुडिन किंवा अर्गाट्रोबॅन ही गोठणं रोखणारी औषधं देतात. याच अँटिबॉडीची, म्हणजे पीएफ४ अँटिबॉडीची, तपासणी पाठवली आहे का, हे उद्याच्या राउंडला नक्की विचारा. काय सांगतात ते इथे लिहा, मी बघतो.