चढाला आचके : पंप बदलायच्या आधी प्रेशर मोजा

दादा, जांबोटी सोडून कणकुंबीच्या चढाला लागलं की गाडी आचके देते, सपाटीला नीट पळते, प्लग-कॉइल बदलूनही फरक नाही, असं लिहिलंय तुम्ही. लक्षण पेट्रोल कमी पडल्याचं वाटतंय.

किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखाली, टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाचा दोनेक सेकंद घूंऽऽ असा आवाज येतो का, ऐका. पण आवाज आला म्हणजे पंप बरा, असं धरू नका. माझ्या जुन्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या) गाडीत आवाज खणखणीत होता; रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) प्रेशर गेज लावला तर आयडलला काटा बरोबर, रेस धरून ठेवली की हळूहळू खाली. पेट्रोलचा फिल्टर काढून बशीत उलटा केला, तर चहाच्या गाळासारखं काळं पेट्रोल! नुसत्या फिल्टरवर काम भागलं.

पेट्रोलचं प्रेशर नेमकं ठेवणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्युम नळीही काढून बघा. आत पेट्रोल ओलं लागलं तर त्याचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) फाटलाय. पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा बरंच कमी असेल तर रिले (पंपाला करंट जोडणारा स्विच) नाहीतर अर्थिंग तपासा.

आणि कळकळीनं सांगतो, पाइप सोडायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. लाइनमध्ये प्रेशर असतं, गरम इंजिनवर पेट्रोल उडतं.