उभ्या नळ्यांची खरी मेख खालच्या थरात
‘ब्लॉक कोपॉलिमरचा (दोन वेगळ्या पॉलिमरच्या साखळ्या टोकाला टोक जोडलेल्या रेणूंचा) थर द्या, तापवा, नॅनोछिद्रांचा साचा आपोआप तयार’ असं सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. पॉलिस्टायरिन आणि पीएमएमए (अॅक्रिलिक प्लॅस्टिक) यांचं असं कोपॉलिमर नुसत्या सिलिकॉन वेफरवर (चिप बनवायच्या चकतीवर) टाकलंत, तर पीएमएमए खालच्या ऑक्साइडला जाऊन चिकटतं आणि त्याच्या नळ्या (पॉलिस्टायरिनपासून वेगळं होऊन त्यात बनणारे पीएमएमएचे दंडगोल) आडव्या लोळतात. मग आरपार भोकं मिळणार कुठून?

यावर तोड रसेल, हॉकर या पॉलिमर-शास्त्रज्ञ मंडळींनी १९९७ मध्ये दाखवली. त्याच दोन घटकांचं, पण सरमिसळ क्रमाचं पॉलिमर आधी पृष्ठभागाला जोडून घ्यायचं. त्यात स्टायरिन साधारण ६० टक्के ठेवलं की पृष्ठभाग कोणाचीच बाजू घेत नाही आणि नळ्या उभ्या राहतात. पुढे अतिनील किरणांनी पीएमएमए तुटतं, पॉलिस्टायरिन उलट घट्ट विणलं जातं (हा फुकटचा फायदा!), मग अॅसेटिक आम्लाने धुतलं की वीसेक नॅनोमीटरची भोकं मोकळी.