इमारतीला अर्थ असतो, की अभ्यासक तो मागाहून चिकटवतात?

विटकरी
परवा इथे एकाने ठणकावलं की स्थापत्याचे सांस्कृतिक अर्थ शोधणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग; इमारत म्हणजे गरज, दगड आणि पैसा, बाकी सगळं विद्वानांनी चिकटवलेलं. खाली टाळ्यांचा पाऊस. उत्तर लिहायला बसलो ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

ताजच घ्या. हुमायूनची कबर चारबागेच्या, म्हणजे चार भागांत आखलेल्या बागेच्या, मधोमध, अकबराची सिकंदऱ्यातली तशीच. ताज मात्र बागेच्या टोकाला, नदीवर. का? गरज, दगड, पैसा यातून उत्तर काढून दाखवा. कला-इतिहासकार वेन बेगली यांनी १९७९ मध्ये एक उत्तर दिलं: बाग म्हणजे स्वर्ग आणि तिच्या टोकाशी कयामतच्या दिवसाचं ईश्वराचं सिंहासन. सूफी विचारवंत इब्न अरबींच्या ग्रंथातल्या कयामतच्या आकृतीशी ते हा नकाशा ताडून बघतात. शिवाय दरवाजावर कुराणाची ८९ वी सुरा कोरलेली, तिचा शेवटच 'माझ्या स्वर्गात ये' असा. 'प्रेमाचं प्रतीक' या गाईडछाप कथेपेक्षा हे शंभरपट गंभीर आहे. अक्षरं दगडात खोदलेली असताना अर्थ 'चिकटवला' कसा म्हणता?

गवंडीकाका
तो 'एक' मीच, नाव घ्यायला लाजू नका. आग्र्यात यमुनेच्या दोन्ही काठांवर शहजाद्यांच्या, सरदारांच्या बागा होत्या आणि त्यांतली मुख्य इमारत नदीकडच्या चौथऱ्यावरच असायची. पाणी तिथे, वारा तिथे, देखावा तिथे. मुघल स्थापत्याच्या अभ्यासक एब्बा कॉख यांनी हे सविस्तर मांडलंय. शहाजहानने शहरातली चालू रीत उचलली, झालं. सुरा कोरलीय हे कोण नाकारतंय? पण ती आकृती समोर ठेवून नकाशा आखला, याचा एक तरी कागद दाखवा.

ओसरी
काका, कॉख सोयीपुरत्या वाचल्यात. पांढरा दगड ब्राह्मणांना आणि लाल क्षत्रियांना, हा विष्णुधर्मोत्तर पुराणातला संकेत मुघलांच्या रंगसंगतीशी कोण जोडतं? त्याच बाई! कबर पांढरी, शेजारची मशीद लाल. ही उतरंड आपोआप आली का?

गवंडीकाका
संगमरवर मकराण्याहून ओढत आणायचा, लाल दगड जवळपास मिळायचा. महागाचा माल मुख्य इमारतीला, स्वस्तातला बाकीच्यांना. यासाठी पुराण उघडावं लागत नाही.

ओसरी
आणि महागाचा माल *कुठे* लावायचा हे ज्याने ठरवलं, त्याच्या डोक्यात काहीच नव्हतं. वा!

सज्जा
ताज सोडा, तिथे कोणी राहत नाही. अर्थ काढायच्या हौसेपायी काय होतं ते अमेरिकेत सेंट लुईसला बघा. प्रुइट-आयगो ही गरिबांसाठीची सरकारी वसाहत: ३३ इमारती, ११ मजली, आर्किटेक्ट मिनोरू यामासाकी. १९७२ पासून पाडायला घेतल्या. स्थापत्य-समीक्षक चार्ल्स जेंक्स यांनी १९७७ मध्ये जाहीर केलं की आधुनिक स्थापत्य तेव्हाच मेलं, आणि मृत्यूची वेळ मिनिटासकट दिली. आम्हाला आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला हेच घोकायला लावलं. मी वर्गात विचारलं, देखभालीचे पैसे कोण देत होतं? सर म्हणाले, हा अर्थशास्त्राचा तास नाही.

पुढे याच वसाहतीवरचा, स्थापत्य-अभ्यासक कॅथरीन ब्रिस्टल यांचा १९९१ चा निबंध हाती लागला. बांधायला पैसे सरकारचे, देखभाल मात्र भाड्यातून. शहर ओस पडत गेलं, भाडेकरू घटले, पैसा आटला, लिफ्ट बंद पडल्या, पाइप फुटले. आणि फाशी कोणाला, तर आर्किटेक्टच्या शैलीला!

ओसरी
आराखडा अगदीच निर्दोष नव्हता हो. लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबायची, बाकीच्यांनी जिना चढा-उतरायचा. थांब्याच्या मजल्यांवर लांब गॅलऱ्या, का तर शेजाऱ्यांच्या गाठीभेटी व्हाव्यात. प्रत्यक्षात जिन्यांत लोक लुटले जायचे.

अकरावा मजला
लिफ्टचं निघालंच आहे म्हणून. आमची लिफ्ट बंद पडली तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. बिचाऱ्या आठवडेच्या आठवडे घरात कोंडून. आणि खालचे शेजारी म्हणतात, आम्ही लिफ्ट वापरत नाही, पैसे का भरू? आता सांगा, हा काय आराखड्याचा दोष?

तळमजला
ताई, का भरावेत? वरच्यांना हवा, उजेड, देखावा. आम्हाला डास, गटाराचा वास आणि तुमच्या खिडकीतून पडणारे केस.

अकरावा मजला
माझ्या खिडकीतून काहीही पडत नाही! म्हाताऱ्या माणसाबद्दल लिहिलं तर तुम्हाला केस सुचतात?

सज्जा
बघा, जेंक्स कुठल्या कुठे राहिले. ब्रिस्टल यांचा मुद्दा मिनिटभरात सिद्ध.

विटकरी
धागा लिफ्टचा नाही, कृपया! सज्जा, ब्रिस्टल यांना तुम्ही चुकीच्या गोटात बसवताय. पडलेल्या इमारतीची दंतकथा कोणाच्या सोयीची, हेच त्यांनी उलगडलं. गरिबी, वंशभेद, सरकारी धोरण यांच्याकडे पाठ फिरवून सगळं खापर आराखड्यावर फोडलं, की आराखडा काढणारेच सर्वशक्तिमान ठरतात. हे अर्थाचंच संशोधन आहे, आणि तेही चोख. गवंडीकाकांच्या त्रिसूत्रीला ही दंतकथा दिसलीही नसती.

गवंडीकाका
सिंहासनाचा कागद मागितला होता, त्यावर चिडीचूप. असो. ब्रिस्टल मान्य, कारण त्यांनी देखभालीचे पैसे कुठून येत होते ते बघितलं. कॉख निम्म्या मान्य, पुराणाचं पान वगळून. बेगलींचं सिंहासन तुम्हाला लखलाभ, बसा त्यावर.

ओसरी
काकांनी दीड अभ्यासक मान्य केले! धागा वाचनखुणांत साठवलाय.

तळमजला
अकरावा मजला ताई, सासूबाई बऱ्या होवोत. पण गच्चीवरच्या टाकीचा पंप आमच्या खिडकीखाली बसवलाय, तो पहाटे कोणासाठी सुरू होतो तेवढं सांगा. मग लिफ्टचं बोलू.